तिसरीचा मलय वर्ग: सिंगापूरमधलं एक प्रकरण

सिंगापूरची राष्ट्रभाषा मलय आहे. राष्ट्रगीत मलयमध्ये आहे आणि शाळेच्या मैदानावर रोज सकाळी सगळी मुलं ते गातात. लष्करी कवायतीचे हुकूमही मलयमध्येच सुटतात. पण वर्गात बसून विषय म्हणून मलय शिकतात ती मुख्यतः मलय घरांतलीच मुलं. २०२० च्या जनगणनेत रहिवाशांमध्ये मलय साडेतेरा टक्के होते. १९८७ पासून सगळ्या शाळांचं माध्यम इंग्रजी आहे आणि आपापल्या समाजाची भाषा हा 'मातृभाषा' या नावाचा एक सक्तीचा विषय: चिनी मुलांना चिनी, मलय मुलांना मलय, भारतीय मुलांना तमिळ. तमिळ नसलेल्या भारतीयांसाठी पुढे हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू या पाच भाषांची सोय झाली. मराठी या यादीत नाही. त्यामुळे तिथली मराठी कुटुंबं बहुतेक हिंदी निवडतात. मलय घेणारं घर विरळा.

या नोंदीतली मुलगी अशा एका विरळ्या घरातली. कुटुंब रत्नागिरीकडचं, आईवडील नोकरीनिमित्त सिंगापूरला स्थायिक, मुलगी तिथेच वाढलेली. हिंदी घरात कुणी बोलत नाही. नवी भाषा शिकायचीच आहे तर जिथे राहतो तिथली शिकू दे, असा विचार करून त्यांनी परवानगी काढली आणि पहिलीपासून मलय घेतली. मी या घराची जुनी स्नेही. प्राथमिकच्या मुलांना भाषा शिकवण्यातच माझी नोकरी झाली, म्हणून मुलगी तिसरीत अडखळायला लागली तेव्हा त्यांनी मला वह्या पाहायला सांगितलं. या वह्या, चाचण्यांचे पेपर आणि तिच्या शिक्षिकेशी झालेली बोलणी एवढाच या लिखाणाचा आधार आहे. शाळा किंवा माणसं ओळखू येतील असं काही दिलेलं नाही. मलय शिकवणाऱ्या शिक्षकांना मुलं 'चिकगू' म्हणतात, तेच संबोधन मीही वापरते.

एका वर्गात तीन तऱ्हेची मुलं

पालकांची तक्रार साधी होती. मुलगी लेखी चाचणीत चांगले गुण मिळवते, पण तोंडी परीक्षेत एका वाक्यापुढे जात नाही. चित्र दाखवलं की 'मुलगा पळतो आहे' म्हणते आणि गप्प. घरी सगळ्यांना वाटत होतं की घरात मलय नाही म्हणून असं होतंय, शिकवणी लावली की सुटेल.

वर्गाची कहाणी ऐकल्यावर चित्र बदललं. चिकगूंच्या मते त्यांच्या वर्गात तीन तऱ्हेची मुलं होती. काही घरी मलय बोलणारी: अखंड बडबड, पण लिहायला बसली की शब्दांची रूपं गाळणारी. काही मलय असूनही घरी इंग्रजी बोलणारी: चिकगूंचं सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. आणि आमची मराठी मुलगी: लिहिते नेटकं, बोलत नाही. मधल्या तऱ्हेची मुलं दर वर्षी वाढताहेत, हे चिकगूंचं निरीक्षण जनगणनेशी जुळतं. घरात सगळ्यात जास्त इंग्रजी बोलणाऱ्या मलय लोकांचं प्रमाण २०१० मध्ये १७ टक्के होतं, २०२० मध्ये ते ३९ टक्क्यांवर गेलं. दहा वर्षांत दुपटीहून जास्त. मलय समाजात घरची भाषा टिकते असा तिथे सगळ्यांचाच विश्वास होता, म्हणून हा आकडा मला फार बोलका वाटतो.

म्हणजे आमच्या मुलीची अडचण एकटीची नव्हती. तिला मलय बोलायला घरात कुणी नव्हतं, आणि वर्गातल्या मलय मुलांपैकी कित्येकांनाही आजी-आजोबा सोडले तर कुणी नव्हतं. मधल्या सुट्टीत सगळी मिळून इंग्रजीच बोलत. मलयची गरज पडेल अशी जागा दिवसभरात एकच उरली होती, मलयचा तास. आणि त्या तासाला मुलं करत काय होती, तर परीक्षेची तयारी.

म्हणी, ज्यांतलं काही पाहिलेलं नाही

मुलीच्या वहीत मागच्या पानांवर म्हणींची लांबलचक यादी होती. मलयमध्ये म्हणी-वाक्प्रचारांना 'परिबाहासा' म्हणतात आणि निबंधात चपखल परिबाहासा आली की शिक्षक खूश होतात. म्हणून मुलं त्या पाठ करतात आणि निबंधात कुठेतरी पेरतात. या मुलीनं वाढदिवसाच्या निबंधात 'करवंटीखालचा बेडूक' आणला होता. ज्याला बाहेरचं जग माहीत नाही त्याच्यासाठी ही म्हण आहे. वाढदिवसाशी तिचा काही संबंध नव्हता, पण ती यादीत वर होती.

तिच्याबरोबर ती यादी वाचताना मला दिसलं की सगळा माल गावातला आहे. करवंटी, बांबूचं बेट, नदीचा काठ, भाताची लोंबी, शेंगदाण्याचं टरफल. मुलं मात्र उंच इमारतींमधली. नारळाचं दूध घरात पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतं, करवंटी कुणी हातात घेतलेली नाही. भाताचं शेत तर सिंगापूरमध्ये नाहीच. 'भातासारखं वाग, जितकं भरतं तितकं वाकतं' ही फार सुंदर म्हण आहे. मुलांना तिचा अर्थ 'विनम्र असणे' असा एका ओळीत दिलेला होता. भरलेली लोंबी का वाकते, हे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

आमच्या मुलीनं पाहिलं होतं. नोव्हेंबरात वर्षअखेरची सुट्टी लागली की ती आजोळी जाते आणि तेव्हा गरवं भात कापणीला आलेलं असतं. मी विचारलं, तर तिनं हाताचा पंजा मनगटातून खाली सोडून लोंबी कशी लवते ते दाखवलं. पुढच्या भेटीत मी चिकगूंना एवढंच म्हटलं, की या मुलीला भात माहीत आहे. त्यांनी तिला वर्गात उभं करून सांगायला लावलं. तिची मलय तुटकी होती, शब्द कमी होते, पण सांगायला काहीतरी होतं आणि ऐकणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. चिकगूंच्या म्हणण्याप्रमाणे ती त्या दिवशी पहिल्यांदा सलग बोलली. मलय मुलांना भाताची म्हण कोकणातल्या मुलीकडून कळली. यात मला काही विचित्र वाटत नाही. भातशेती करणाऱ्या मुलखांचं शहाणपण एकमेकांना कळावं हे साहजिकच आहे.

यानंतर चिकगूंनी यादीला कात्री लावली. एका आठवड्यात एकच म्हण, आणि ती ज्या वस्तूवर उभी आहे ती वस्तू वर्गात आणायची. बाजारातून करवंटी आली. शेंगा आल्या, त्या मुलांनी सोलल्या, खाल्ल्या, टरफलं बाकावर ठेवली, आणि मग 'टरफल विसरलेला शेंगदाणा' ही कृतघ्न माणसाची म्हण आली. पालकांपैकी काहींना हा वेळेचा अपव्यय वाटला. मला तसं अजिबात वाटत नाही. प्राथमिकच्या मुलाला आधी वस्तू हवी, मग तिच्यावरचं बोलणं.

'आपण' आणि 'आम्ही'

मराठी पालक मलयकडे वळतात तेव्हा संस्कृत शब्दांनी हरखून जातात. नामा, वार्ना, बुमी, काचा, गुला, सिंगा: नाव, वर्ण, भूमी, काच, गूळ आणि सिंह. याच घरात वडिलांनी फ्रिजवर अशा शब्दांचा तक्ता लावला होता. मोठ्यांना त्यात आनंद असतो, तो खरा आहे. पण मुलीला त्याचा उपयोग जवळपास शून्य होता, कारण तिचं अडत होतं ते वाक्यात. शिवाय हे शब्द फसवतात: गुला म्हणजे साखर आणि कपाला म्हणजे सबंध डोकं.

मराठीचा खरा आधार मिळाला तो वेगळ्याच ठिकाणी. मलयमध्ये 'आम्ही' आणि 'आपण' असा फरक आहे. ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तर 'किता', त्याला वगळून बोलायचं असेल तर 'कामी'. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द, म्हणून इंग्रजी घरातली मुलं इथे हमखास घसरतात आणि सगळीकडे 'किता' लावतात. रोजच्या बोलीतही तो सैल वापरला जातो. एका मुलानं चिकगूंना सांगितलं, 'काल आपण आजीकडे जेवलो.' चिकगू म्हणाल्या, 'मी कधी आले होते?' वर्ग हसला, पण चूक कुणाला कळली नाही. आमच्या मुलीला कळली. आपण आणि आम्ही तिच्या घरात दिवसभर कानावर पडतात. तिला नियम सांगावा लागला नाही, शब्द कळल्याक्षणी वापर कळला.

चिकगूंनी याचा खेळ केला. वर्गाचे दोन गट, प्रत्येक गटानं काहीतरी बेत ठरवायचा आणि दुसऱ्या गटाला सांगायचा. 'कामी' म्हटलं तर समोरचे बेताबाहेर राहतात, 'किता' म्हटलं तर त्यांना न्यावं लागतं. सर्वनाम चुकलं की सगळा गट जत्रेला न्यायची पाळी. निवाडा करायला मराठी मुलगी. आतापर्यंत जिला सगळे मदत करत होते तिच्याकडे आता सगळे निवाड्यासाठी बघत होते, आणि त्याचा परिणाम तिच्या आवाजावर झाला. हे मोजून सांगता येत नाही, पण तिच्या आईनं फोनवर मला सांगितलेलं पहिलं वाक्य हेच होतं: 'ती घरी येऊन मलयमध्ये भांडते.'

शिक्षिकेला 'तू' म्हणणं

यातून एक अवघड गोष्टही पुढे आली. तोंडी सरावात मुलीनं चिकगूंना विचारलं, 'आवाक सुका माकान आपा?' तुम्हाला काय खायला आवडतं? व्याकरणानं वाक्य अचूक. पण 'आवाक' हा बरोबरीच्या माणसासाठीचा शब्द. शिक्षिकेला तो लावणं म्हणजे आपल्याकडे बाईंना 'तुला काय आवडतं' असं विचारणं. पाठ्यपुस्तकातले संवाद बहुतेक मुलांमुलांतले असतात आणि त्यांत 'आवाक' सर्रास येतो, तो तिनं उचलला.

मलयमध्ये मोठ्या माणसाशी बोलताना सर्वनाम टाळतात आणि त्याच्या जागी नातं किंवा पद ठेवतात. 'चिकगूंना काय आवडतं?', 'नेनेक (म्हणजे आजी) जेवली का?' अनोळखी बाई माक चिक, पुरुष पाक चिक, थोडी मोठी मुलगी काकाक, मोठा मुलगा आबांग, धाकटं कुणीही आदिक. लहान मूल स्वतःलाही कित्येकदा 'मी' न म्हणता नावानं किंवा 'आदिक' म्हणून संबोधतं. आपल्या गावात रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या मुलाला हे नवं नाही. सिंगापूरच्या इंग्रजीत मात्र सगळे 'अंकल' आणि 'आंटी' होतात, आणि मलय घरांतली मुलंही तेच बोलत मोठी होताहेत.

संस्कृती शिकवायची म्हणजे काय, या प्रश्नाचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर इथे आहे. दर वर्षी शाळांमध्ये मातृभाषांचा पंधरवडा होतो. रिबिनीचे केतुपात (सणाच्या भाताच्या विणलेल्या पुड्या) विणतात, बाटिकच्या नक्षीत रंग भरतात, बाजू कुरुंग हा मलय पोशाख घालून फोटो काढतात, कुइह हा मलय खाऊ खातात. मुलांना ते आवडतं आणि ते असावंच. पण पंधरवडा संपला की ते कपाटात जातं. मोठ्यांशी कोणत्या शब्दानं बोलावं हे दिवसातून पन्नासदा लागतं. ते चुकलं तर मलय आजी दुखावते, बरोबर आलं तर जवळ घेते. मलय लोक ज्याला आदाब म्हणतात, ती रीत मुलाच्या तोंडात राहते ती अशा वाक्यांतून.

चिकगूंनी एक तास यासाठीच दिला. प्रत्येकानं घरात आजी-आजोबांना काय म्हणतात ते फळ्यावर लिहायचं. नेनेक आणि आतुक तर आलेच. जावाच्या मुळाच्या घरातून 'म्बाह' आलं. सिंगापूरच्या मलय समाजात जावाची, बावेआन बेटाची, बुगिस, मिनांगकाबाउ अशी कितीतरी घराणी मिसळली आहेत, हे मुलांना त्या फळ्यावरून कळलं. शेवटी आमच्या मुलीनं 'आजी' लिहिलं.

धर्माचा प्रश्नही इथे येतो, तो टाळून चालणार नाही. मलय जीवन आणि इस्लाम घट्ट विणलेले आहेत, आणि हिंदू घरातल्या मुलीला या वर्गात कितपत सामील होता येईल याची आईला काळजी होती. चिकगूंची भूमिका स्वच्छ होती. शाळेचा तास भाषेचा आहे, धर्मशिक्षण मुलं दुसरीकडे घेतात. हारी रायाचा, म्हणजे ईदचा, धडा वाचताना तिला उपासाबद्दल नाही, तर सणाला कुणाच्या घरी काय खातात, मोठ्यांचे हात हाती घेऊन माफी कशी मागतात, एवढं विचारलं जाईल. वर्षभरात आईची काळजी मिटली.

हात कामात असले की तोंड सुटतं

बोलण्यासाठी चिकगूंनी शुक्रवारचा तास खेळांना दिला. चोंगकाकच्या लाकडी पाटात दोन्ही बाजूंना सात-सात खळगे, टोकांना दोन मोठी घरं. एकेका खळग्यात सात बिया घेऊन एकेक पुढे टाकत जायचं, स्वतःच्या घरात एक टाकायची, समोरच्याचं घर वगळायचं. तमिळ मुलांच्या आज्यांकडे याचंच भावंड पल्लांगुळी. दुसरा खेळ बातू सरम्बान: कापडाच्या चिमुकल्या पिशव्या, आत तांदूळ किंवा वाळू, आणि एक उडवून बाकीच्या उचलायच्या. मुलीच्या आईनं तो पाहिला आणि म्हणाली, हे तर सागरगोटे. तिनं सुट्टीत कोकणातून खरे गजगे आणले आणि वर्गात पाठवले. मलय मुलांना ते फार छोटे आणि निसरडे वाटले.

खेळात एक नियम: तक्रार मलयमध्येच करायची. 'माझी पाळी', 'तू दोन टाकल्यास', 'हे चालत नाही' ही वाक्यं पाठ्यपुस्तकात नसतात, पण मुलांना त्यांची खरी गरज असते. मोजतानाची शब्दरचनाही इथे पक्की झाली. मलयमध्ये नुसतं 'दोन मांजरं' म्हणत नाहीत, मध्ये मोजणीचा शब्द लागतो: प्राण्यांना 'एकोर', माणसांना 'ओरांग', गोल वस्तूंना 'बिजी', लांब काठीसारख्या वस्तूंना 'बातांग', पातळ वस्तूंना 'हलाइ'. मराठीत अशी व्यवस्था नाही आणि मुलीनं हे सगळं तक्त्यावरून घोकलं होतं. हातात बी घेऊन ओरडून मोजल्यावर 'बिजी' आपोआप यायला लागला.

आणि मग पांतुन. चार ओळींचं पद्य, पहिली तिसरीशी आणि दुसरी चौथीशी यमकानं बांधलेली. पहिल्या दोन ओळी निसर्गाचं किंवा घरातलं काही दाखवतात, म्हणायचं असतं ते पुढच्या दोन ओळींत. २०२० मध्ये इंडोनेशिया आणि मलेशियानं मिळून पांतुनची युनेस्कोच्या वारसा यादीत नोंद करून घेतली. मुलांना शिकवतात तो एक लोकप्रचलित पांतुन असा:

बुआह चम्पदाक दि लुआर पागार,
आम्बिल गालाह तोलोंग जोलोक्कान;
साया बुदाक बारू बलाजार,
कालाउ सालाह तोलोंग तुंजुक्कान.

कुंपणाबाहेर चम्पदाकचं फळ, आकडी घेऊन तेवढं पाडा. मी तर नुकतंच शिकणारं पोर, चुकलं तर दाखवून द्या. चम्पदाक हा फणसाचा सख्खा भाऊ. रत्नागिरीच्या घरात या पांतुनचं स्वागत कसं झालं असेल हे सांगायला नको. आईनं ऐकल्याबरोबर ओळखलं की ही बांधणी उखाण्याची आहे: आधी चांदीचं ताट किंवा अंगणातली तुळस, मग नाव. एकदा ही किल्ली हातात आल्यावर मुलगी थांबेना. तिनं आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं मिळून एक पांतुन रचला, तो चिकगूंनी वर्गात लावला:

नाइक लिफ क तिंगकात लीमा,
नाम्पाक कुचिंग दि तपी तांग्गा;
कालाउ किता माकान बर्सामा,
नासी सजुक सदाप जुगा.

लिफ्टनं पाचव्या मजल्यावर गेलो, जिन्याशी मांजर दिसलं. आपण मिळून जेवलो तर थंड भातही गोड लागतो. यमक चोख, मात्रा ठीक, आणि 'किता' जिथे हवं तिथेच. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती लिफ्ट. मलय कविता म्हणजे गावची नदी आणि बांबू असं धरून बसलेल्या वर्गात त्या दोघींनी स्वतःच्या इमारतीचा जिना आणला.

जे सुटलं नाही

आता न जमलेल्या गोष्टी. मलय क्रियापदांना आधी आणि नंतर प्रत्यय लागतात, त्यांना 'इम्बुहान' म्हणतात. 'म' घराण्याचा प्रत्यय लागताना धातूचं पहिलं अक्षर बदलतं किंवा गळतं: तुलिसचं मनुलिस, सापूचं मन्यापू, पुकुलचं ममुकुल, पण बाचाचं मम्बाचा. शब्दकोशात शब्द मूळ धातूखाली असतो, म्हणून 'मन्यापू' शोधायचं तर आधी 'सापू' ओळखता आलं पाहिजे. बोलताना मलय लोक हे प्रत्यय बरेचदा सोडून देतात. खेळात, भांडणात, गप्पांत मुलं जितकी जास्त बोलायला लागली तितके लेखनात प्रत्यय गळायला लागले. आमच्या मुलीचेही गळले. जिचं लेखन पूर्वी निर्दोष असायचं तिच्या निबंधात वर्षअखेरीस लाल खुणा दिसू लागल्या. पालक घाबरले. माझ्या मते हे वाढीचंच लक्षण होतं, कारण पूर्वी ती फक्त पाठ केलेलं लिहीत होती. पण सहावीच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेत मातृभाषा हा चार विषयांतला एक असतो, तेव्हा त्यांची धास्ती समजण्यासारखी आहे. चिकगूंनी पुन्हा प्रत्ययांच्या सरावाचे कागद सुरू केले आणि तेही योग्यच होतं.

दुसरी गोष्ट उच्चारांची, आणि ती जास्त नाजूक आहे. सिंगापूरच्या शाळांत १९९३ पासून 'सबुतान बाकू' म्हणजे प्रमाण उच्चार शिकवतात: जसं लिहिलं तसं वाचा. 'मी' या अर्थाचा शब्द 'साया'. पण तिथल्या आणि दक्षिण मलेशियातल्या मलय घरांत शेवटचा स्वर मराठीतल्या 'अ'सारखा येतो, 'सायअ'. शेवटचा र गळतो, 'पिलिह'चं 'पेलेह' होतं. मलेशियानं हा प्रमाण उच्चार १९८८ मध्ये आणला आणि २००० मध्ये सोडून दिला. सिंगापूरनं तो ठेवला. त्यामुळे आजी एक बोलते, शाळा दुसरं.

चिकगूंनी मुलांना घराजवळच्या कुणा वयस्क माणसाशी मलयमध्ये बोलून यायला सांगितलं होतं. आमच्या मुलीच्या मजल्यावर एक शीख आजोबा राहतात. पंजाबीची सोय होण्यापूर्वी तिथली कित्येक शीख मुलं शाळेत दुसरी भाषा म्हणून मलयच घेत असत, त्या पिढीतले हे. त्यांची मलय झऱ्यासारखी वाहते, आणि अर्थातच 'सायअ'वाली आहे. मुलगी रोज संध्याकाळी लिफ्टपाशी त्यांच्याशी बोलायला लागली. जुन्या बाजाराच्या, पुराच्या, पाण्यावरच्या घरांच्या गोष्टी तिनं त्यांच्याकडून ऐकल्या. कुठल्याही शिकवणीनं दिलं नसतं इतकं त्यांनी तिला दिलं. आणि तिचे उच्चार त्यांच्यासारखे झाले.

सहावीच्या परीक्षेत मलयच्या २०० गुणांपैकी ५० तोंडी परीक्षेचे असतात: उतारा मोठ्यानं वाचणं आणि चित्रफीत पाहून संभाषण. वाचनात बाकू अपेक्षित आहे. चौथीत आलेल्या नव्या चिकगूंनी मुलीचे उच्चार सुधारायला घेतले. मुलीनं ते घरी जाऊन शीख आजोबांना लागू केलं, त्यांना 'साया' म्हणायला लावलं. आजोबा हसले, पण एका मलय मैत्रिणीच्या घरी हेच झालं तेव्हा तिची नेनेक काही दिवस नातीशी मलय बोलेनाशी झाली आणि इंग्रजीवर आली.

एकीकडे सगळ्या देशाला एकच शिकवण्याजोगा उच्चार हवा, ही प्रमाण उच्चारामागची गरज मी नाकारत नाही. घरात मलय नसलेल्या मुलाला जसं दिसतं तसं वाचायची सोय फार उपयोगी पडते, आमच्या मुलीला पहिलीत तीच उपयोगी पडली. पण ज्या घरात मलय बोलणारं एकच माणूस उरलं आहे, तिथे त्या माणसाला नातवंडाकडून चूक दाखवून घ्यावी लागणं मला फार महाग वाटतं. तिसरीच्या चिकगू याबाबत मुलांना स्पष्ट सांगत: उतारा वाचताना पुस्तकासारखं, नेनेकशी नेनेकसारखं, आणि नेनेकला कधी सुधारायचं नाही. चौथीतल्या चिकगूंनी पालकांच्या विनंतीवरून वाचनाचा तास आणि गप्पांचा तास वेगळा केला आहे. गप्पांच्या तासात उच्चारासाठी कुणाला थांबवत नाहीत. प्रत्ययांचे कागद चालू आहेत, आणि मुलगी अजून सापू शोधायला म पासून सुरुवात करते.